दूधविनायकातला समुद्र

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत कुणी जहाजाच्या सफरीला जायचं ठरवलं, की तिकीट काढायच्या आधी शरदिनीबाई दातारांकडे एक चक्कर मारायची, असा रिवाजच पडून गेला आहे. पूर्वी असल्या सफरींना इथलं कुणी जात नसे. मग मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात स्थिरावली. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझ भेट देऊ लागली. आयुष्यात गंगेपलीकडच्या रामनगरापर्यंतच नावेत बसलेली साठीची माणसं कोरे पासपोर्ट हातात घेऊन बाईंच्या दाराशी येऊ लागली. बाई त्यांना मधल्या खोलीत बसवतात, चहा टाकतात आणि सांगू लागतात.

"जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच त्या गावात पोचा. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. मोठी बॅग धक्क्यावरच घेतात, ती खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. खोली जहाजाच्या मधोमध घ्या, टोकाला डोलणं जास्त. डोक्यावर नाचघर असेल तर ती खोली कुणी फुकट दिली तरी नको म्हणा. वर खोल्या, खाली खोल्या, मध्ये आपण, अशी बरी. इस्त्री, किटली नेऊ नका, काढून घेतात. भिंती लोखंडी असतात, तेव्हा चुंबकाचे हुक न्या, ओलं टांगायला बरे पडतात."

"आणि पोट ढवळलं तर?"

"गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, हलल्यावर नाही. आल्याच्या वड्या जवळ ठेवा. आणि खोलीत पडून राहू नका. वर जायचं, क्षितिजाकडे बघत बसायचं. पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला सांगून ठेवा, आम्ही शाकाहारी. आदल्या दिवशी सांगितलं की दुसऱ्या दिवशी वरणसुद्धा करून देतात."

ऐकणारा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, बाई मोठ्या धीराच्या. पण जुनी माणसं जरा चपापतात. कारण ही वाक्यं बाईंची नाहीत. ती त्यांच्या वारलेल्या यजमानांची, दिनानाथरावांची आहेत, त्यांच्याच थांब्यांसकट, 'तेव्हा'वर तसाच जोर देऊन. एकदा समोरच्या घरातले आजोबा चहाचा कप तसाच ठेवून उठले. खाली जाऊन सुनेला म्हणाले, "मी डोळे मिटून ऐकत होतो. दिनानाथच बोलत होता."

दिनानाथरावांचा जन्म याच गल्लीतला. दातारांच्या कितव्या तरी पिढीतला हा मुलगा बँकेत लागला आणि मॅनेजर होऊन निवृत्त झाला. शिंदे घाट घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याला लागूनच मणिकर्णिकेचं स्मशान. शाळेत जाताना समोरून तिरडी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं, 'राम नाम सत्य है' पुढे गेलं की पुन्हा चालायला लागायचं. मुंजीच्या जेवणातही तो आवाज यायचा आणि लग्नाच्या मंगलाष्टकांतही. वारा फिरला की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागायचा. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे म्हणायचे, केवढं भाग्य तुमचं, काशीत राहता. दिनानाथराव हसून म्हणत, "लोक मरायला इथे येतात. मग आम्ही जगायला कुठं तरी जायला नको का?"

निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदा जहाजावर गेले, सिंगापूरहून. त्या सफरीत होतील त्या सगळ्या चुका झाल्या. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या. खोली नाचघराच्या बरोबर खाली. एका बंदरात स्वस्तातली टॅक्सी करून देऊळ बघायला गेले आणि जहाजाचा भोंगा ऐकून धक्क्यावरून धावत सुटले. शरदिनीबाईंची चप्पल वाटेत राहिली ती राहिलीच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, चहूकडे पाणीच पाणी असताना, दिनानाथराव कठड्याला धरून उभे राहिले आणि त्यांनी छातीभर श्वास घेतला.

"शरू, वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच." मग बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "इथे कुणी मरत नाही."

त्यांना समुद्राचं वेडच लागलं. सगळ्या पुंजीतून वर्षाआड एक सफर. किनाऱ्यावरची शहरं बघण्यात त्यांना फारसा रस नसे. पर्यटक बंदरात उतरून बाजारहाट करत, आणि हे रिकाम्या जहाजावर खुर्ची टाकून बसत. जिथे दिवसचे दिवस किनारा दिसत नाही अशी सफर त्यांना हवी होती. शेवटी ती मिळाली. पोर्तुगालमधल्या लिस्बनहून निघून आख्खा अटलांटिक ओलांडायचा, आणि पलीकडे त्रिनिदाद बेटावर उतरायचं. छातीत अधूनमधून भरून येतं, हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही आणि बायकोलाही नाही.

ती दुपार शरदिनीबाईंना अजून जशीच्या तशी दिसते. खोलीच्या बाल्कनीत दोघं चहा घेत होती. समुद्र शांत होता, नुसता लांबलांब श्वास घेतल्यासारखा वरखाली होणारा. दिनानाथरावांनी आणखी अर्धा कप मागितला. बाई आत जाऊन घेऊन आल्या, कप त्यांच्या हाताशी ठेवला आणि निमिषबद्दल बोलू लागल्या. निमिष त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. त्याला घर घ्यायचं होतं, कोथरूडला घ्यावं की बाणेरला, असं काहीबाही. दिनानाथराव क्षितिजाकडे बघत होते आणि हळूहळू मान हलवत होते. हो, हो. बाई बोलत राहिल्या. त्यांनी कोथरूड म्हटलं तरी मान हलली, बाणेर म्हटलं तरी हलली. मग त्यांच्या लक्षात आलं, की जहाज जसं डोलतंय तशीच ती मान डोलते आहे.

आपण किती वेळ मेलेल्या माणसाशी घराच्या गोष्टी बोलत होतो, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

पुढचं सगळं फार अदबीनं झालं. जहाजाचा डॉक्टर आला, एक अधिकारी आला. जहाज मागे फिरवता येणार नाही, पुढचं बंदर येईपर्यंत साहेबांना खाली ठेवावं लागेल, असं त्यानं टोपी काढून सांगितलं. गोव्याची एक नर्स होती, ती कोकणी मिसळून मराठी बोलायची. बाईंचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "सगळ्या मोठ्या जहाजांवर अशी एक खोली असतेच, आंटी. स्वच्छ असते. थंड असते. मी रोज जाऊन बघून येईन."

जहाज चालत राहिलं. संध्याकाळी वाद्यं वाजली. जेवणघरात झुंबरं लागली. दुसऱ्या खोलीत जायला बाईंनी नकार दिला, आणि खोलीत एकटं बसवेना म्हणून त्या जेवणाच्या वेळी आपल्या नेहमीच्या टेबलाशी जाऊन बसू लागल्या. प्रवाशांना असल्या गोष्टी कळू देत नाहीत, त्यामुळे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावरची एक गोरी बाई त्यांच्या साडीचं कौतुक करून गेली. वाढप्यानं सवयीनं दोन ताटल्या मांडल्या आणि विचारलं, साहेब येणार ना?

"ते खाली आहेत," शरदिनीबाई म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

रोज दुपारी नर्स त्यांना खालच्या मजल्यावर घेऊन जाई. तिथे गालिचे नव्हते. लोखंडी दार, त्यामागे थंडी, आणि पायाखालून येणारी इंजिनाची घरघर. ती कानांनी ऐकू येत नसे, तळपायांतून वर चढे. बाई त्या दाराबाहेर स्टुलावर बसत.

जहाज त्रिनिदादला लागलं. उतरताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावतात. घंटी वाजते, पडद्यावर त्याचा फोटो येतो, आणि माणूस जहाजावरून उतरल्याची नोंद होते. बाईंनी कार्ड लावलं, घंटी वाजली. पहाऱ्यावरचा पोरगेला शिपाई पडद्याकडे बघून अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमच्या खोलीतले दुसरे पाहुणे अजून जहाजावरच आहेत. त्यांच्यासाठी थांबायचं का?"

नर्स धावत आली आणि त्याच्या कानाशी लागली. दिनानाथरावांना दुसऱ्या दारानं, नंतर उतरवायचं होतं. शिपाई खाली बघू लागला. पण वाक्य बोलून झालं होतं.

कागदपत्रं होईपर्यंत निमिष विमानं बदलत बदलत येऊन पोचला. शव बनारसला न्यायचं तर फार दिवस मोडणार होते, म्हणून अग्नी तिथेच द्यायचा ठरला. त्या बेटावर आपल्याकडचे पुष्कळ लोक आहेत, कधीकाळी उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेलेल्यांचे वंशज. ज्या पंडितजींना बोलावलं त्यांचे पणजोबा काशीजवळच्या गाजीपूरकडून गेलेले. त्यांना मंत्र येत होते, लग्नातली काही गाणी येत होती, बाकी सगळं इंग्रजी. मृताचं गाव लिहून घेताना त्यांनी विचारलं आणि निमिषनं सांगितलं, बनारस. पंडितजींनी लिहायचं थांबून हात जोडले.

"काशी से?" ते म्हणाले. बहुधा तेवढीच हिंदी त्यांना सुचली.

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या स्मशानात माणसंच माणसं. ज्यांनी काशी कधी पाहिली नाही, ज्यांच्या आज्या-पणज्या काशीचं नाव घेत मेल्या, ती सगळी काशीहून आलेला माणूस बघायला आली होती. रांगेनं येऊन दिनानाथरावांच्या पायांना हात लावत होती. एका म्हातारीनं पदराखालून पितळेची लुटिया काढली, तोंड झाळून बंद केलेला छोटा गडू. तिच्या नवऱ्यानं कधी तरी भारतातून आणलेलं गंगाजल, तिनं स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी जपलेलं. शरदिनीबाई गडबडून म्हणाल्या, "नको हो, हे गंगेच्याच काठचे." म्हातारीला भाषा कळली नाही. तिनं झाळ फोडवून घेतली आणि ते सगळं पाणी दिनानाथरावांच्या तोंडावर ओतलं.

मग चिता पेटली. वारा फिरला आणि धूर अंगावर आला. शरदिनीबाईंनी डोळे मिटले. अगदी तोच वास होता.

बनारसला परतल्यावर शिंदे घाटावरून नाव करून अस्थी प्रवाहात सोडल्या. दिवसकार्य झालं, निमिष पुण्याला गेला. 'आई, तू पण चल' असं तो म्हणाला, पण बाईंना घर सोडवेना. आणि मग घर डोलू लागलं.

जहाजावरून उतरल्यावर चार-सहा दिवस जमीन डोलते, हे काही नवं नव्हतं. दिनानाथरावच सांगत, 'घाबरायचं नाही, पाण्याची सवय सुटेपर्यंत असं होतं.' बाईंनी वाट बघितली. आठवडे गेले, महिने गेले. डोलणं थांबलं नाही. रोज दुपारी, गल्ली जेवून पेंगायला लागली की, फरशी सावकाश खाली जायची आणि सावकाश वर यायची. तळपायांतून ती बारीक घरघर वर चढायची. देवापुढच्या समईतलं तेल एका बाजूला कलल्यासारखं वाटे. त्या वाकून बघत, तेव्हा ते सपाट असे. शहरातल्या लंका मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी कान तपासले. तोल सांभाळणारी नस बिघडली असेल म्हणाले, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फक्त झोप आली. शेवटी बाईंनी आपला पलंग घराच्या मधल्या खोलीत हलवला. तिथे डोलणं कमी लागे.

घराण्याचे उपाध्याय वासुदेवगुरुजी बरंच ऐकून घेऊन म्हणाले, "वहिनी, काशीचा जीव, गेला पाण्यावर. ना या तीरी ना त्या तीरी. पिशाचमोचन कुंडावर जाऊन त्रिपिंडी श्राद्ध करून घेऊ. सुटतील."

"करू," बाई म्हणाल्या. पण मुहूर्त काढायला काही गेल्या नाहीत.

कारण त्यांच्या मनात एकच भीती घर करून बसली होती. अग्नी दिला तो देहाला. ते स्वतः तिथेच राहिले. ते जहाज अजून चालतंय, तो समुद्र इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ओलांडतंय. वर वाद्यं वाजतात आणि खाली त्या लोखंडी दारामागे दिनानाथराव बसून आहेत. यंत्रानं सांगितलं होतंच. अजून जहाजावर आहेत. थांबायचं का? आणि आपण थांबलो नाही.

अशातच एके दिवशी गल्लीतलेच इंदू आणि यज्ञेश केळकर आले. यज्ञेश रेल्वेतून निवृत्त झालेला, इंदू मराठी मंडळात गाणी बसवणारी. दोघं शरदिनीबाईंहून थोडी लहान. अंतरा नावाच्या त्यांच्या मुलीनं त्यांना मुंबईहून सुटणाऱ्या एका बड्या जहाजाची सफर दिली होती. लक्षद्वीप, कोची आणि परत. बाईंनी नेहमीचं सगळं सांगितलं. यज्ञेश खुशीत होता. इंदू मात्र त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती. खिशात गोळ्यांची पट्टी होती. बाईंनी ती ओळखली. जिभेखाली ठेवायची.

"विम्यात हे लिहिलंत का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"छातीचं."

यज्ञेशचा चेहरा उतरला. "दो साल पहले दिल की नस में एक स्प्रिंग डाली है, बस. आता ठणठणीत आहे. लिहिलं असतं तर जाऊच दिलं नसतं त्यांनी."

शरदिनीबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग ज्या गोष्टी त्यांनी आजवर कुणालाच सांगितल्या नव्हत्या त्या सांगितल्या. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या शब्दांत. बाल्कनीतली मान, दोन ताटल्या, गालिचा नसलेला मजला. "विम्यात लपवलंत तर वेळेला तो कामाला येत नाही," त्या म्हणाल्या. "आजार लिहा. डॉक्टरचं पत्र घ्या. जहाजावरून उचलून दवाखान्यात नेण्याचा खर्च आणि घरी परत आणण्याचा खर्च, दोन्ही त्यात आहेत ना बघा. आणि इंदू, तुझं स्वतःचं बँकेचं कार्ड वेगळं ठेव, जहाजाच्या एजंटचा फोन तुझ्याही मोबाइलमध्ये असू दे. सगळं ह्यांच्याच नावावर असलं, की माणूस एकदम आंधळा होतो."

यज्ञेश उठून उभा राहिला. "जाण्याआधी असलं बोलू नये, ताई," एवढं म्हणून तो जिना उतरून गेला. इंदू त्याच्यामागून गेली.

पण चार दिवसांनी ती एकटी परत आली. यज्ञेशनं डॉक्टरला दाखवलं होतं. ताण देऊन हृदय तपासलं होतं, एक औषध बदललं होतं, आणि जायची परवानगी लेखी मिळाली होती. विम्यातही सगळं भरलं होतं. "ताई," इंदू म्हणाली, "तुम्ही आमच्याबरोबर चला. मला भीती वाटते. तुम्ही असलात तर वाटणार नाही."

शरदिनीबाई लगेच हो म्हणाल्या. इंदूला आश्चर्य वाटलं. बाईंच्या मनात काय आहे ते तिला काय ठाऊक. जहाज वेगळं असेल, पण पाणी तर एकच आहे, आणि सगळ्या मोठ्या जहाजांवर तशी एक खोली असतेच.

मुंबईहून जहाज सुटलं. इंदूचं पोट पहिल्याच दिवशी ढवळलं, आल्याच्या वड्या संपल्या. यज्ञेश मात्र टोपी घालून सगळीकडे हिंडत होता, संध्याकाळी गाण्यांच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होता. शरदिनीबाई रोज दुपारी बाल्कनीत दोन कप मांडून बसत. क्षितिज वर जाई, खाली येई. त्या वाट बघत. दुसरा कप निवून जाई.

तिसऱ्या दिवशी त्या जहाजाच्या दवाखान्यात गेल्या आणि नर्सला म्हणाल्या, "खाली एक थंड खोली असते ना?"

नर्स, केरळची तरुण मुलगी, एकदम उभी राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं? काय झालं, मॅडम?"

"काही नाही. आत कुणी आहे का, तेवढं सांग."

नर्सनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग नियम मोडल्यासारख्या हळू आवाजात म्हणाली, "रिकामी आहे. कुणी नाही."

बाई वर येऊन बाल्कनीत बसल्या. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की दूधविनायकातल्या घरात रोज दुपारी त्यांना वेढणारं ते डोलणं इथे कुठेच नव्हतं. जहाज हलत होतं, इंदू पलंगाला धरून पडली होती, पण बाईंच्या पायाखालची फळी थिजल्यासारखी स्थिर होती. त्यांना खूप दिवसांनी गाढ झोप लागली, आणि जाग आली तेव्हा त्या रडत होत्या. ते इथे नव्हते. समुद्रावर कुठेच नव्हते.

सफर सुखरूप झाली. बनारसच्या विमानतळावरून टॅक्सी मैदागिनच्या चौकापर्यंत आली, पुढे गल्ल्यांतून पायी. हमालानं बॅग जिन्यावर ठेवली. बाईंनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं. फरशी सावकाश खाली गेली. मग सावकाश वर आली.

त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बंद घरात नुकत्याच ढवळलेल्या चहाचा वास होता, किंवा त्यांना तसा वाटला. त्यांना कळलं, की दिनानाथराव जहाजावर राहिलेच नव्हते. ते केव्हाच घरी आले होते. ज्या गल्लीतून पळायला त्यांनी आयुष्य खर्ची घातलं, त्याच गल्लीत ते परतले होते. फक्त येताना तो समुद्र बरोबर घेऊन आले होते. आणि आपण त्यांना शोधायला म्हणून घराला कुलूप लावून निघून गेलो होतो, ते आत असताना.

दोन-तीन दिवसांनी इंदू फोटो दाखवायला आली. बोलता बोलता तिनं टेबलाची कड धरली. "अजून डोलतंय बघा, ताई. तुम्ही म्हणाला होतात तसंच." ती हसली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "पण गंमत सांगू का? आमच्या घरी नाही डोलत. इथे बसलं की डोलतं."

शरदिनीबाईंनी तिला फोटोबद्दल काहीतरी विचारलं. इंदूनं उत्तर दिलं, पण चहा संपेपर्यंत तिचा हात टेबलावरून निघाला नाही. त्यानंतर ती बाईंना आपल्या घरीच बोलावते.

पितृपक्ष जवळ आला तसे वासुदेवगुरुजी पुन्हा आले. "वहिनी, पिशाचमोचनचं काय करायचं? यंदा योग चांगला आहे."

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "ते अडकलेत असं तुम्ही म्हणालात. पण ते अडकलेले नाहीत. आपण होऊन आलेत. आलेल्याला जा कसं म्हणू?"

गुरुजींनी खाली फरशीकडे बघितलं. त्यांनीही पाय जमिनीवरून थोडे उचलून घेतले होते, खुर्चीच्या आडव्या दांडीवर. "तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यांनी शेवटी विचारलं.

"वाटते," बाई म्हणाल्या. "रोज वाटते."

गुरुजींनी उपरणं सारखं केलं आणि ते निघून गेले. पितृपक्षात नेहमीचं श्राद्ध झालं. त्रिपिंडी झाली नाही.

सल्ला विचारायला लोक अजून येतात. बाई आता विम्याचं आणि डॉक्टरच्या पत्राचं आधी सांगतात, चुंबकाच्या हुकांचं नंतर. लोक दचकतात, पण लिहून घेतात. यज्ञेश आपल्या गच्चीतूनच हात करतो.

गेल्या काही दुपारी मात्र एक फरक पडला आहे, आणि तो बाईंनी निमिषलाही सांगितलेला नाही. जहाज बंदराजवळ येऊ लागलं की इंजिनाची घरघर बदलते. वेग उतरतो, आवाज खोल आणि संथ होतो, डोलणं लांबत जातं. अनुभवी माणसाला ते खिडकीबाहेर न बघताही कळतं. तेव्हा लोक बॅगा भरायला घेतात. परवा दुपारी शरदिनीबाई मधल्या खोलीत आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्या तळपायांखालची घरघर तशी उतरत गेली. त्या उठून बसल्या. गल्लीतून कुणाची तरी तिरडी चालली होती, नेहमीसारखी. ती लांब जाईपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग उठून त्यांनी कपाटातून आपली एक चांगली सुती साडी काढली, झटकली, आणि घडी घालून, औषधं आणि चष्म्याबरोबर हातातल्या पिशवीत भरून उशाशी ठेवली.